शिट्टी गळ्यात आली, आता सामने कुठून आणू?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी शिकागोजवळ नेपरव्हिलला राहते. वय एक्केचाळीस. पुण्यात शाळेपासून विद्यापीठापर्यंत बास्केटबॉल खेळले, मग लग्न, नोकरी आणि इकडे येणं यांत खेळ सुटला. मागच्या वर्षी ग्रीन कार्ड हातात आलं. त्याच सुमारास मुलीच्या शाळेच्या जिममध्ये ‘रेफरी हवेत’ असा कागद लावलेला दिसला. इलिनॉयच्या हायस्कूल संघटनेकडे, आयएचएसएकडे नोंदणी केली, परीक्षा दिली, पट्ट्यांचा शर्ट घेतला. पहिला सीझन मार्चमध्ये संपला. मिळाले ते बहुतेक पाचवी-सहावीच्या मुलांचे शनिवारचे सामने, आणि फ्रेशमन (नववीच्या) ‘बी’ टीमचे मोजके. एका सामन्यात कोचनं अख्खा दुसरा हाफ मला सुनावलं. बाकांवरून एक बाप ओरडला, ‘नियम तरी माहीत आहेत का?’ माझ्याबरोबरच्या ज्येष्ठ रेफरीनं माझ्या नाकासमोरचे दोन फाउल पलीकडून धावत येऊन वाजवले. नवरा म्हणतो, ‘एवढं ऐकून घ्यायची गरज काय?’ मला मात्र हे काम मनापासून आवडलंय. व्हर्सिटीचे, म्हणजे शाळेच्या मुख्य टीमचे, सामने करायचे आहेत. पण अनुभव असल्याशिवाय सामने मिळत नाहीत आणि सामन्यांशिवाय अनुभव येत नाही. यातून वाट कशी काढू?
— शिट्टीवाली, नेपरव्हिल

उत्तर

प्रिय शिट्टीवाली,

आधी तुझं शेवटचं वाक्य घेते, कारण बाकीचं सगळं त्याला धरून आहे. सामने नाहीत असं तुला वाटतंय. कॉलेजच्या पातळीवर ते खरं असेल, शाळांमध्ये आज नेमकी उलटी स्थिती आहे. एनएफएचएस ही देशभरातल्या हायस्कूल खेळांची संघटना, इंडियानापोलिसला तिचं कार्यालय आहे. तिनंच सांगितलं की २०१८-१९ च्या सीझनपासून साधारण ५०,००० पंचांनी हे काम सोडलं. काही कोविडमध्ये गेले ते परतले नाहीत, बरेच बाकांवरच्या शिवीगाळीला कंटाळून गेले. म्हणजे माणसं कमी आहेत आणि सामने पुष्कळ. तुझ्याकडे कमी आहे ते वेगळंच. ‘ही उभी असेल तर सामना नीट पार पडतो’ असं दोन-चार जाणत्या लोकांना अजून वाटलेलं नाही. ते वाटायला लागलं की फोन आपोआप येतात.

आणि ते सामन्यांच्या संख्येनं वाटत नाही. दर शनिवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत लागोपाठ सामने उरकणारे आणि चार वर्षांनीही ट्रेलला (बॉलच्या मागून येणारा रेफरी) चुकीच्या जागी उभे राहणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या खात्यावर सामने ढीगभर आहेत, पण एकाही सामन्याकडे त्यांनी नंतर वळून पाहिलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: जो सामना तू नंतर तपासलास, तोच तुझ्या अनुभवात जमा झाला. बाकीचा नुसता व्यायाम.

तपासायचं म्हणजे काय, त्याकडे येते. त्याआधी त्या बापाच्या प्रश्नाचं. तो उद्धटपणे ओरडला, हे खरं. पण प्रश्न म्हणून त्याच्याकडे एकदा शांतपणे बघ, कारण तू पुण्यात खेळलीस ते फिबाचे (आंतरराष्ट्रीय संघटनेचे) नियम होते आणि इथली शाळा एनएफएचएसच्या पुस्तकावर चालते. खेळाडू म्हणून जे अंगात मुरलंय, तेच ऐन वेळी दगा देतं. तिकडे बॉल आठ सेकंदांत पुढच्या कोर्टात न्यायचा, इथे दहा. तिकडे शॉट क्लॉक चोवीस सेकंदांचं, इथे ते राज्यानं ठरवलं तरच, आणि ठरवलं तर पस्तीस. तिकडे रिंगला लागलेला बॉल कोणीही टिपू शकतो. इथे बॉल रिंगच्या वरच्या काल्पनिक नळकांड्यात असताना हात लावला तर बास्केट इंटरफिअरन्स, म्हणजे नियमभंग. तिकडे टाइमआउट कोच टेबलाकडे मागतो. इथे कोच किंवा खेळाडू थेट रेफरीकडे मागतो, आणि तुझ्या पाठीमागून ‘टाइमआउट, टाइमआउट’ अशी आरडाओरड सुरू झाली तरी तू आधी बॉल कोणाच्या हातात आहे ते बघायचं आणि मगच शिट्टी वाजवायची. कित्येक नवे रेफरी इथेच फसतात. आवाज ऐकून शिट्टी जाते आणि बॉल तेवढ्यात दुसऱ्या टीमनं हिसकावलेला असतो.

आणखी एक फरक तुला नक्की अडचणीत आणेल. इथे पुढच्या कोर्टात डिफेंडर सहा फुटांच्या आत उभा राहिला की बॉल धरलेल्याचेही पाच सेकंद मोजायचे आणि ड्रिबल करणाऱ्याचेही, तेही हात हलवून, सगळ्यांना दिसेल असे. फिबात हे फक्त बॉल धरून उभ्या असलेल्याला लागू आहे आणि अंतरही एक मीटरचंच. तुझा हात सवयीनं हलणारच नाही, तो मुद्दाम हलवायला शिकावं लागेल. एक गोष्ट मात्र फिबासारखीच, ओळखीची वाटेल. २०२३-२४ पासून इथे ‘वन अँड वन’ (पहिला फ्री थ्रो पडला तरच दुसरा) बंद झालं, टीम फाउल दर क्वार्टरला नव्यानं मोजतात आणि पाचव्या फाउलपासून दोन फ्री थ्रो मिळतात.

तर नियमाचं पुस्तक उशाशी ठेव. त्याबरोबर केसबुक येतं, त्यात प्रसंग देऊन निर्णय सांगितलेले असतात. ते जास्त कामाचं आहे, कारण नियम प्रसंगातून लक्षात राहतो. रोज रात्री दोन-तीन प्रसंग वाच. परीक्षेच्या आधी आठवडाभर रेटून वाचलेलं जानेवारीपर्यंत टिकत नाही.

बाकांवरून जे ओरडलं जातं त्यातलं बरंचसं पुस्तकात नाहीच, हे कळलं की तुझ्या मनातली अर्धी भीती जाईल. ‘ओव्हर द बॅक’ नावाचा फाउल नाही. उंच मुलीनं धक्का न लावता मागून हात वर करून रिबाउंड घेतला तर ती फक्त उंच आहे. ‘रीचिंग’ हाही फाउल नाही. हात पुढे करणं गुन्हा नाही, हातानं अडवणं किंवा मारणं गुन्हा आहे. बॉलवर असलेला पंजा बॉलचाच भाग धरतात, तेवढ्यावरच फटका बसला तर शिट्टी नाही. स्वतःचा शॉट रिंगला, बोर्डाला कशालाच न लागता पडला आणि शूटरनंच तो पुन्हा पकडला, तर ते ट्रॅव्हल (बॉल घेऊन बेकायदा चालणं) नाही; तो खरोखर शॉट होता एवढंच तुला पटायला हवं. बॉलसाठी झेप घेऊन जमिनीवर पडलेली मुलगी वेगामुळे घसरत गेली तर चालतं, पण बॉल घेऊन लोळली किंवा उठून उभी राहायला गेली तर ट्रॅव्हल. आणि सगळ्यांत जास्त भांडण होतं ते ब्लॉक (चूक डिफेंडरची) की चार्ज (चूक धडकणाऱ्याची) यावर. ‘डिफेंडर हलत होता’ असं कोच ओरडतो. हलेना का. दोन्ही पाय जमिनीवर, तोंड समोरच्याकडे अशी जागा त्यानं एकदा रीतसर घेतली, की पुढे तो बाजूला किंवा मागे सरकू शकतो. धडक छातीवर बसली का, एवढंच बघायचं.

हे सगळं जिथे मुरेल ती जागा म्हणजे तुला कमी वाटणारे पाचवी-सहावीचे सामने. तू पत्रात ते जरा नाराजीनं लिहिलं आहेस, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

मोठ्या मुलांचा सामना रेफरीसाठी एका अर्थानं सोपा असतो. तिथे खेळाडू कुठे जाणार ते ओळखता येतं, पाय जाग्यावर असतात, धक्का लागला तर तो कशामुळे लागला ते कळतं. अकरा वर्षांची मुलं कुठेही धावतात. दहापैकी चार जण एकाच वेळी जमिनीवर, प्रत्येक पझेशनला पाय घसरतो, बॉल हातातून सुटतो. अशा गोंधळात काय वाजवायचं आणि काय सोडायचं हे ठरवणं हेच या कामाचं मूळ आहे. सगळं वाजवलंस तर सामना संपणारच नाही. काहीच नाही वाजवलंस तर कोणीतरी दुखावेल. ज्यानं कोणाचा तोटा झाला किंवा कोणाला लागलं ते वाजवायचं, बाकी पाहून ठेवायचं. ही पारख पाचवीच्या सामन्यात जितकी लवकर येते तितकी दुसरीकडे कुठे येत नाही.

पण एका सामन्यात एकच गोष्ट घेऊन जा. या शनिवारी फक्त ‘डिफेंडर बघायचा’ हे ठरव. नव्या रेफरीची नजर बॉलला चिकटलेली असते. तू तर खेळाडू होतीस, तुझी जास्तच चिकटत असणार. बॉल घेऊन येणारी काय करतेय ते कोपऱ्यातून दिसतंच, नजर तिला अडवणाऱ्यावर हवी, कारण बहुतेक फाउल तोच करतो. पुढच्या शनिवारी ‘शिट्टी उशिरा’ हे ठरव. धक्का दिसला, तरी श्वास घे, शॉट पूर्ण होऊ दे, बॉल गेला का, ती पडली का, मग वाजव. शिट्टी एक क्षण उशिरा आली तर कोणाचं बिघडत नाही. घाईनं वाजलेली परत घेता येत नाही. त्यानंतरच्या शनिवारी फक्त जागा बघ. लीडला, म्हणजे पुढच्या रेफरीच्या जागी, असताना बेसलाइनवर (बास्केटमागच्या रेषेवर) खिळून राहते का? पोस्टमध्ये (बास्केटजवळ) काय चाललंय ते मधून दिसत नसेल तर दोन पावलं सरकून दोघींच्या मधली फट दिसते का? ट्रेलला असताना बॉलच्या सरळ मागे धावते का? सरळ मागून पाठच दिसते, थोडं बाजूला झालं की हात दिसतो. कोर्ट फक्त ८४ फूट लांब आणि ५० फूट रुंद आहे. त्यात बहुतेक चुकीच्या शिट्ट्या नियम न कळल्यानं जात नाहीत, चुकीच्या ठिकाणी उभं राहिल्यानं जातात. माझं हे मत पक्कं आहे.

फाउलची खूण आरशासमोर घोकून पक्की कर. बंद मूठ सरळ वर, थांब, मग चालत टेबलाकडे, मग रंग, नंबर, फाउल. नंबर दोन हातांनी दाखवायचा, उजव्या हातानं दशक, डाव्यानं एकक. शाळेच्या जर्सीवर ० ते ५ एवढेच आकडे चालतात ते याचसाठी, एका हाताला पाचच बोटं. ‘ब्लू, ट्वेंटी-थ्री, पुश.’ एवढंच बोलायचं, मोठ्यानं आणि सावकाश. तू उच्चाराबद्दल काही लिहिलेलं नाहीस, पण आपल्याकडच्या बायकांच्या मनात ते असतंच म्हणून सांगते. या कामात लांब बोलायचं नसतंच. खूण स्वच्छ आणि आवाज ठाम असेल तर तुझा लहेजा कोणाच्या लक्षातही येत नाही. शिट्टीही जोरात फुंक. बिनदाण्याची घे आणि एक जास्तीची खिशात ठेव. दाण्याची शिट्टी ऐन सामन्यात अडकल्यामुळे रॉन फॉक्सक्रॉफ्ट नावाच्या कॅनडाच्या रेफरीनं फॉक्स ४० तयार केली. १९८७ पासून ती वापरात आहे. आज जवळजवळ प्रत्येक जिममध्ये तोच आवाज ऐकू येतो.

आता तपासणी. सामना संपला की गाडी सुरू करण्याआधी वहीत तीन ओळी लिही: कोणता निर्णय मनाला खटकला, तेव्हा मी कुठे उभी होते, पुस्तक काय म्हणतं. तिसरी ओळ घरी गेल्यावर भर. तेवढी पुरे आहे, निबंध नको. हायस्कूलचे बरेच सामने आता एनएफएचएस नेटवर्कवर थेट दाखवले जातात. तुझा फ्रेशमनचा सामना कुठे चित्रित झाला असेल तर त्या शाळेकडे रीतसर विचार. आवाज बंद करून बघ, आणि बॉल नाही तर स्वतःला बघ. पहिल्यांदा फार अवघड वाटतं. आपण इतक्या वाकून धावतो, इतक्या वेळा खाली बघतो, हे माहीतच नसतं. त्या चित्रफितीतून जे कळतं ते दहा जणांनी सांगूनही कळत नाही.

हिवाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी मोकळी असशील तेव्हा व्हर्सिटीच्या सामन्याला जा, तिकीट काढून. बेसलाइनच्या मागे वरच्या पायरीवर बस आणि चारही क्वार्टर फक्त रेफरींकडे बघ. तिथे तिघे असतात: लीड, ट्रेल आणि सेंटर. तू आत्तापर्यंत दोघांच्या पद्धतीनं काम केलंयस. तिघांची पद्धत वेगळी आहे, बॉल बाजू बदलतो तसे तिघे एकमेकांच्या जागा घेतात, आणि ती वरून बघितल्याशिवाय डोक्यात बसत नाही. शक्य असेल तर त्यांच्यातल्या एखाद्याला आठवडाभर आधी कळव आणि सामन्याआधीच्या त्यांच्या बैठकीला बसू देतील का विचार. बहुतेक जण हो म्हणतात. तिथे कोपऱ्यात बसून ऐकायचं, सांगायचं काही नाही.

जून फार महत्त्वाचा. शाळांच्या टीम उन्हाळ्यात एकत्र येऊन दिवसभर सामने खेळतात, आणि त्यांतल्या काहींना जोडून रेफरींची शिबिरं असतात. तू सामना करतेस, कोपऱ्यात अनुभवी रेफरी बसलेला असतो, टाइमआउटला जवळ येऊन सांगतो: ‘त्या ड्राइव्हला तू बेसलाइनवर फार जवळ होतीस.’ याला फी पडते. एकच शिबिर निवड, पण जिथे तुझ्या भागातले असाइनर (रेफरींना सामने वाटून देणारे) स्वतः बघायला येतात असं. कोणी काही सुधारायला सांगितलं तर उत्तर एकच: ‘ठीक, पुढच्या वेळी बघते.’ कारण सांगायचं नाही, तुझं बरोबर असलं तरी. शिकवणाऱ्याला पाच मिनिटांत कळतं की पुढच्या पझेशनला तू तसं करून बघितलंस की नाही, आणि तेवढ्यावर तो तुझं नाव लक्षात ठेवतो. आयएचएसएनं मान्यता दिलेली क्लिनिकही असतात, ती चुकवू नकोस. रजिस्टर्ड, रेकग्नाइज्ड, सर्टिफाइड अशा पायऱ्या इलिनॉयमध्ये आहेत, आणि वर चढायला ती लागतात.

उन्हाळ्यातल्या एएयू (हौशी खेळांची संघटना) टूर्नामेंटबद्दल माझं मत जरा कडक आहे. पैसे रोख मिळतात, सामने दिवसभर मिळतात, म्हणून नवे रेफरी तिथेच अडकतात. चौथ्या सामन्यानंतर पाय चालत नाहीत. मग माणूस मधल्या रेषेवर उभा राहून अंदाजानं शिट्ट्या वाजवतो आणि ती सवय नोव्हेंबरपर्यंत पक्की होते. दिवसाला दोन-तीन सामने घे, त्याच्या पुढे नाही.

असाइनरचं गणित सरळ आहे. त्याला रेफरीची गुणवत्ता हवी असते, पण त्याआधी झोप हवी असते. दिलेला सामना त्याच दिवशी स्वीकारणारा, वेळेवर पोचणारा आणि बर्फ पडलाय म्हणून चार वाजता फोन न करणारा माणूस त्याला झोप देतो. मोकळ्या तारखांचं कॅलेंडर दर रविवारी अद्ययावत ठेव. फ्रेशमनचे सामने शाळा सुटल्यावर, साडेचार-पाचच्या सुमारास सुरू होतात, नोकरीवाल्या पुरुषांना ते जमत नाहीत. तुला आठवड्यातून दोन दिवस लवकर ऑफिस सोडता येत असेल तर तेच तुझं भांडवल, तसं त्याला स्पष्ट कळव. आणि घेतलेला लहान सामना मोठ्यासाठी कधीही परत करू नकोस. असाइनर एकमेकांशी बोलतात. तुमच्या भागातल्या रेफरी संघटनेच्या बैठकांना शरद ऋतूत नियमानं जा. तिथे नियमांच्या चर्चेपेक्षाही, चेहरा ओळखीचा होणं महत्त्वाचं.

कोचचं ऐकून घेण्याबद्दल. अख्खा हाफ ऐकून घेतलास, ते तू फार सहन केलंस. कोचनं प्रश्न विचारला तर उत्तर द्यायचं, थोडक्यात, पुढचा बॉल आत येण्याआधी: ‘तिचा हात तिच्या कमरेवर होता, कोच.’ त्यानं विधान केलं तर ऐकायचं आणि पुढे जायचं. तेच विधान पुन्हा-पुन्हा, आवाज चढवून, हातवारे करून येऊ लागलं की थांबवायचं: ‘कोच, ऐकलं मी, आता पुरे.’ त्यानंतरही चालू राहिलं तर नियमात रीतसर ताकीद आहे, ती स्कोअरबुकात नोंदवली जाते. आणि त्याच्याही पुढे टेक्निकल, म्हणजे गैरवर्तनाचा फाउल: दोन फ्री थ्रो, बॉल समोरच्यांना, आणि कोचला उभं राहायची मुभा बंद. ताकीद देताना रागावायचं नाही, घाई करायची नाही. नव्या रेफरींना वाटतं टेक्निकल दिलं म्हणजे सामना हातातून गेला. खरं तर तो वेळेवर दिला नाही म्हणून जातो. आणि त्याचा त्रास तुला एकटीला होत नाही. चौदा वर्षांच्या मुली ते सगळं ऐकत असतात.

बाकांवरच्या पालकांशी मात्र एक शब्दही बोलायचा नाही, मान वळवायचीही नाही. ते काम यजमान शाळेच्या व्यवस्थापकाचं. सामन्याआधी त्यांना भेटून नाव विचारून ठेव आणि ते कुठे बसणार ते बघून ठेव. कोणी मर्यादा सोडली तर खेळ थांबवून त्यांना बोलाव. त्यांनी त्या माणसाला बाहेर नेईपर्यंत खेळ सुरू करू नकोस.

तुझ्या नवऱ्याच्या प्रश्नात तुझी काळजी आहे, तो अडवत नाहीये असं मला तरी वाटतं. त्याला एकदा सामन्याला घेऊन जा. सामना झाल्यावर एखादी मुलगी ‘थँक यू, रेफ’ म्हणून जाते, ते त्यानं बघितलेलं नाही. त्यानं फक्त तू घरी येऊन सांगितलेलं ऐकलंय. आणि घरी आपण सहसा वाईटच सांगतो.

पलीकडून येऊन शिट्टी वाजवणाऱ्या जोडीदाराचं काय करायचं? कोर्टवर काहीच नाही. दोघांच्या शिट्ट्या भांडताना दिसल्या तर दोघांचाही भाव जातो. याचं औषध सामन्याआधीच्या दहा मिनिटांत आहे. कपडे बदलताना विचार: ‘पेंटमध्ये (बास्केटखालच्या चौकोनात) गर्दी झाली तर पहिली शिट्टी माझी ना? तुम्ही कधी याल?’ हे बोलणं झालं की ज्येष्ठ माणूसही आपल्या जागेत राहतो. झाल्यावर पुन्हा विचार, तक्रार म्हणून नाही: ‘त्या दोन फाउलना तुम्हाला तिकडून काय दिसलं?’ कदाचित तो म्हणेल, तू सरळ रेषेत होतीस, तुला दिसणं शक्यच नव्हतं. तसं असेल तर ते दोन फाउल तुझ्या वहीत गेले पाहिजेत. आणि तो काहीही न सांगता बॅग उचलून निघाला, तर त्याच्याकडून शिकण्यासारखं थोडंच आहे. पुढच्या वेळी दुसऱ्याबरोबर काम माग.

इथे इतर वाचकांसाठी एक गोष्ट सांगणं भाग आहे, कारण हे वाचून कोणीतरी उद्याच नोंदणी करेल. रेफरीला प्रत्येक सामन्याचे पैसे स्वतंत्र कंत्राटदार म्हणून मिळतात. एच-वन-बीवर असलेल्यांना ज्या कंपनीनं व्हिसासाठी अर्ज केला तिच्याशिवाय दुसरीकडे पैशांचं काम करता येत नाही. त्यांच्या जोडीदारांना, म्हणजे एच-फोरवाल्यांना, कामाचा परवाना नसेल तर अजिबात नाही. सामना लहान आहे, मानधन किरकोळ आहे, यानं फरक पडत नाही. इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. शिट्टीवाली, तुझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, तुला ही अडचण नाही. पण मिळालेलं मानधन करात दाखव आणि प्रत्येक सामन्याला गाडी किती मैल गेली ते पहिल्या दिवसापासून लिहून ठेव, तो खर्च वजा होतो.

व्हर्सिटी कधी? घाई करू नकोस असं म्हणते, पण आशाही सोडू नकोस. पुढचा सीझन फ्रेशमन आणि सोफमोरचा (दहावीचा), मुलींचे आणि मुलांचे दोन्ही, असं माग. मुलांचा वेग जास्त असतो, पाय त्यालाही तयार हवेत. एखाद्या शुक्रवारी व्हर्सिटीचा तिसरा रेफरी आजारी पडला म्हणून असाइनर घाईनं विचारेल. तिघांची पद्धत शिबिरात करून झाली असेल तर हो म्हण. नसेल तर नाही म्हण, कारण त्या सामन्यात दोन्ही कोच तुला पहिल्यांदा बघणार आहेत आणि पहिली छाप खूप दिवस टिकते. आणि तू ज्या राज्यात हे करते आहेस तिथे हा खेळ लोक फार मनावर घेतात. ‘मार्च मॅडनेस’ हे शब्द आज कॉलेजच्या स्पर्धेसाठी सगळीकडे ऐकू येतात, पण १९३९ मध्ये आयएचएसएच्या हेन्री पोर्टर यांनी ते इलिनॉयच्या हायस्कूल स्पर्धेबद्दल लिहिले होते. पुढे तेच राष्ट्रीय संघटनेचे प्रमुख झाले आणि शाळांच्या नियमांवर वर्षानुवर्षं काम करत राहिले.

असाइनरला ऑगस्टमध्ये मेल कर, सीझन नोव्हेंबरात सुरू होतो आणि तारखा त्याच्या फार आधी भरायला लागतात. शब्द तुझे वापर, मजकूर साधारण असा: ‘माझा हा दुसरा सीझन. मंगळवार आणि गुरुवार दुपारी चारपासून मोकळी आहे, शनिवार पूर्ण. जूनमध्ये अमुक शिबिर केलं, तिथे अमुक यांनी माझं काम पाहिलं, त्यांना विचारता येईल. फ्रेशमन आणि सोफमोर, मुलं किंवा मुली, कोणतेही चालतील. अनुभवी जोडीदाराबरोबर लावलंत तर आवडेल. ऐन वेळी कोणी आलं नाही तर तासाभराच्या अंतरातल्या कोणत्याही शाळेत पोचेन.’ खाली फोन नंबर दे.